माणसं बसवण्याचं काम

गणपती जवळ आले की आमच्या सोसायटीची मीटिंग होते. मांडव कुठे, आरतीला माइक हवा की नको, हे वाद घालून झाले की नव्याने राहायला आलेलं कुणीतरी मला विचारतंच, "मॅडम, रिटायर व्हायच्या आधी तुम्ही काय करायच्या?" मी म्हणते, "मीसुद्धा बसवायचेच. फक्त माणसं." समोरचा हसतो. मी मणक्याच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट होते हे कळलं की मात्र त्याचं हसू मावळतं आणि तो तिथल्या तिथे पँट दुमडून मला गुडघा दाखवायला लागतो. नाशिकमध्ये गुडघा न दुखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

थट्टा राहू द्या, पण माणसं बसवणे हेच माझं खरं काम होतं. लोकांना वाटतं, मणक्याला मार लागलेल्या माणसाला आम्ही चालवतो. सिनेमात तसंच असतं. नायक पडतो, एक गाणं होतं आणि गाणं संपेपर्यंत तो चालायला लागतो. आमच्या वॉर्डात अठ्ठावीस वर्षांत असं गाणं कधी वाजलं नाही. आमच्याकडे मान किंवा पाठ मोडून आलेला माणूस आधी बसला की आम्ही एकमेकांना पेढे द्यायचो. आणि बसण्याच्या आड जी गोष्ट यायची ती मोडलेलं हाड नव्हे. हाड डॉक्टर पट्ट्या-स्क्रू लावून घट्ट करत. आड यायचं ते बीपी.

ते कसं, हे थोडक्यात सांगते. तुम्ही-आम्ही अंथरुणातून उठून बसतो तेव्हा रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरायला बघतं. मेंदू लगेच खाली आदेश धाडतो की शिरा आवळा, रक्त वर ठेवा. हा आदेश मज्जारज्जूतून जातो. मानेपाशी मज्जारज्जू दुखावला की तो आदेश खाली पोचतच नाही. शिरा सैल राहतात, रक्त खाली उतरतं आणि वरच्या मजल्यावरच्या नळाला पाणी येऊ नये तसं डोक्याला रक्त कमी पडतं. माणूस पांढरा पडतो, जांभई देतो, "अंधारी आली" म्हणतो आणि मान टाकतो. आडवा केला की मिनिटभरात शुद्धीवर.

अशा शेकडो माणसांना मी बसवलं. त्यांतल्या एकाचीच गोष्ट सांगते, कारण त्याच्या बाबतीत मी चुकले होते.

रंगनाथभाऊ विंचूरकडचे. तिथल्या एका कांदा बाजारात लिलाव पुकारायचे. ज्यांनी हा लिलाव पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कांदा भरलेल्या ट्रॉल्यांच्या रांगा लागलेल्या असतात. पुकारणारा पुढे आणि त्याच्याभोवती व्यापाऱ्यांचा घोळका. एका ट्रॉलीपाशी थांबायचं, भाव चढवत न्यायचा, शेवटचा भाव तीनदा म्हणायचा की पुढची ट्रॉली. सकाळचे दोन-अडीच तास असं ओरडत फिरायचं. पन्नाशीला टेकलेल्या रंगनाथभाऊंचा आवाज असा, की बाजाराच्या एका टोकाला ते बोलले तर दुसऱ्या टोकाचा चहावाला त्यांच्यासाठी कटिंग भरायला घ्यायचा. हे मला त्यांनीच सांगितलं. थोडं कमी करून घ्या.

एके दिवशी घरच्या कांदा साठवायच्या चाळीवर पत्रा नीट करायला चढले आणि मानेवर पडले. मान मोडली. खांदे हलायचे, कोपरं वाकायची, मनगटं थोडीफार उचलायची. बोटांत पकड नव्हती आणि छातीच्या वरच्या भागापासून खाली काही कळत नव्हतं. ऑपरेशन झालं. पहिले काही दिवस आयसीयूत डॉक्टरांनी औषधं देऊन बीपी मुद्दाम चढतं ठेवलं, दुखावलेल्या मज्जारज्जूला रक्त पुरावं म्हणून. मग ते माझ्या वॉर्डात आले.

पहिल्या दिवशी मी त्यांना पायांबद्दल काही सांगायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. आवाज पार बसला होता. पोटाचे, छातीचे स्नायू साथ देत नसले की श्वासाला जोर राहत नाही. कुजबुजल्यासारखे म्हणाले, "ताई, पायाचं राहू द्या. मला एवढंच सांगा, लिलाव पुकारता येईल का?"

मी म्हटलं, "खुर्चीत बसून पुकारता येईल. पण त्यासाठी दोन तास सरळ बसता आलं पाहिजे."

"बसायला काय लागतं? बसवा की."

आम्ही बसवलं. पुरतं मिनिटही झालं नसेल, त्यांचे डोळे फिरले. आडवं केल्यावर शुद्धीवर आले आणि छताकडे बघत म्हणाले, "लाइट गेली व्हती का?"

त्यांची बायको अलकाताई पलंगाच्या कडेला उभी होती. अंगाने बारीक, बोलणं कमी आणि डोळे सगळीकडे. तिने त्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, हे रोज व्हनार का?" मी म्हटलं, "रोज होणार, आणि रोज थोडं कमी होणार." तिने मान हलवली आणि त्यांच्या पायाखाली उशी सरकवली. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई शिकणार.

पण आठवडा झाला तरी सुधारणा दिसेना. मी चक्रावले. मग एकदा जेवणाच्या वेळी वॉर्डात डोकावले तर भाऊ तोंड वाकडं करून डाळभात गिळत होते. मी अलकाताईकडे बघितलं. ती म्हणाली, "अळणी हाय. मामंजींनी सांगितलं, बीपीचा तरास हाय ना, मग मीठ बंद."

आपल्याकडे बीपी म्हटलं की ते चढलेलंच, हे गावातल्या पोरांनाही पाठ असतं. इथे उतरणाऱ्या बीपीच्या माणसाचं मीठ तोडलं होतं. मी डॉक्टरांना विचारून घेतलं आणि भाऊंना पापड, लोणचं, मीठ घातलेलं ताक सुरू केलं. असा पथ्याचा कागद मिळाल्यावर शेजारच्या तीन कॉटवरचे नातेवाईक माझ्याकडे संशयाने बघायला लागले. मामंजी तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

बाकीची आमची हत्यारं साधीच. पायांना मांडीपर्यंत घट्ट मोजे, पोटाला रुंद इलॅस्टिकचा पट्टा, म्हणजे रक्ताला खाली उतरायला जागाच कमी. आणि टिल्ट टेबल. हा एक पलंग असतो, त्यावर माणसाला पट्ट्यांनी बांधायचं आणि पलंग हळूहळू उभा करायचा. वीस अंश, तीस अंश, दर थोड्या वेळाने बीपी मोजायचं, उतरलं की परत खाली. वॉर्डात त्याला सगळे उभा पलंग म्हणत. पेशंटला आपण उभे आहोत असं वाटतं म्हणून आवडतो आणि चक्कर येते म्हणून नकोसा होतो.

रंगनाथभाऊंनी या उभ्या पलंगाचा लिलाव करून टाकला. मी पारा बघायला लागले की त्यांचं सुरू. "ऐंशी! ऐंशी एक वार... ऐंशी दोन वार... बोला ताई, नव्वद बोला! माल बघा, माल!" आवाज चिरका, पण ऐट तीच. पलीकडच्या कॉटवर मनमाडचे एक रेल्वेतले काका होते, ते तिकडून ओरडायचे, "पंच्याण्णव!" मी म्हणायचे, "काका, तुमच्या ओरडण्याने पारा चढत नाही." तर भाऊ म्हणायचे, "ताई, व्यापारी आहेत ते. बोली आली तर घ्यावी लागते."

बाकी एक गोष्ट त्यांनीच शोधली. पोटाला पट्टा आवळला की आवाजही सुटायचा. पुस्तकात ते लिहिलेलं आहे, मला माहीतही होतं, पण लक्षात राहिलं नव्हतं. एका सकाळी पट्टा लावल्यावर ते खणखणीत म्हणाले, "अलका, च्या आन!" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. अलकाताई चहा आणायला गेली ती डोळे पुसतच गेली, आणि मला वाटतं मीही काहीतरी निमित्त काढून स्टोअररूममध्ये गेले.

आता माझ्या अभिमानाच्या गोष्टीकडे येते. तीच पुढे अंगाशी आली. मी नातेवाइकांना शिकवायचे आणि कडक शिकवायचे. पेशंट बसलेला असताना काही झालं, तर काय करायचं? आडवं करा, पाय वर घ्या, पट्टा बघा, आवळा, आणि मग बीपी मोजा. आधी आडवं, मोजणं नंतर, कारण मशीन कपाटातून काढून दंडाला गुंडाळेपर्यंत माणूस खुर्चीतून घसरतो. हे मी रोज घोकून घ्यायचे. येता-जाता, जिन्यात, चहाच्या टपरीवर नातेवाईक दिसला की विचारायचे, "काय करायचं?" तो हातातला कप सांभाळत म्हणायचा, "आडवं, पाय वर, पट्टा, मोजायचं." मनमाडच्या काकांच्या सुनेला तर मी भर रस्त्यात विचारलं होतं. अलकाताई या परीक्षेत नेहमी पहिली. मी दुसऱ्यांना सांगायचे, "त्यांच्याकडे बघा आणि शिका."

साडेतीन महिन्यांनी भाऊ घरी गेले तेव्हा ते खुर्चीत, थोडी पाठ मागे कलवून, तासभर बसत होते. त्यांचं रोजचं वरचं बीपी पंच्याण्णवच्या आसपास असायचं. मनगटाच्या झटक्याने चमचा धरायला लागले होते. लघवीसाठी कायमची नळी आणि पिशवी होती. घरी जाताना म्हणाले, "ताई, अजून एक तास. मग लिलाव."

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मी भाजीबाजारात मेथीची जुडी निवडत होते. फोन वाजला. अलकाताई.

"मॅडम, यांना चक्कर आली. तुम्ही सांगितलं तसंच केलं समदं. आडवं केलं, पाय दोन उशांवर घेतले, पट्टा अजून आवळला, मिठाचं पाणी बी पाजलं. तरी कमीच होईना. वाढाया लागलंय."

"काय वाढायला लागलंय?"

"डोकं. डोकं फुटतंय म्हनत्यात."

मी मेथी खाली ठेवली. बीपी उतरलेल्या माणसाचं डोकं हलकं होतं, ते फुटत नाही.

"अलकाताई, चेहरा कसा दिसतोय? पांढरा की लाल?"

"मॅडम, ते सावळेच हाये हो, लाल-पांढरं काय कळनार! पन घाम... कपाळावरून नुस्ता निथळतोय. अन् हातावर काटा आलाय."

आता दुसरी बाजू सांगते. मानेपाशी किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जू दुखावलेल्या माणसाचं बीपी जसं पटकन उतरतं, तसंच ते कधीकधी भयंकर चढतं. खाली शरीरात काहीतरी टोचतं, तटतं किंवा दाबलं जातं. बहुतेक वेळा लघवी तुंबलेली असते. माणसाला ते कळत नाही, पण शरीराला कळतं. खालच्या शिरा आवळतात, बीपी वर जातं, मेंदूचा "सैल करा" हा आदेश खाली पोचत नाही. कारण सापडून दूर होईपर्यंत पारा चढतच राहतो. वेळेत थांबवलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जातो. आणि यावरचा पहिला उपाय माझ्या घोकंपट्टीच्या बरोबर उलटा आहे. बसवा, पाय खाली सोडा, अंगावरचं आवळलेलं सगळं सैल करा. अलकाताईने, माझ्या पहिल्या नंबरच्या विद्यार्थिनीने, नवऱ्याला आडवं करून, पाय वर घेऊन, पट्टा आवळून पारा आणखी वर ढकलला होता.

मी भाजीबाजारात उभी राहून ओरडले, "त्यांना बसवा! आत्ता! पाय खाली! पट्टा सोडा, मोजे काढा!"

"बसवू? तुम्हीच तर..."

"मी सांगते म्हणून बसवा!"

माझ्यासमोरची भाजीवाली बाई मेथीची जुडी हातात घेऊन तशीच थांबली. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणाचं तरी "धरा, धरा" ऐकू आलं. मी म्हटलं, "आता नळी बघा. कुठे दाबली गेलीये का बघा."

तिकडे बऱ्याच माणसांची कुजबुज ऐकू आली.

"अलकाताई?"

"मॅडम, बाजारातली मंडळी आलीत. शाल-नारळ घेऊन. कधी येता कामावर, विचारायला. सगळी इथंच उभी हायेत." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "दोन मिनटं थांबा, त्यांना बाहेर बसवते. मग बघते."

ती दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मी ओरडत होते, "थांबू नका, त्यांच्यासमोर बघा," पण तिने फोन कुठेतरी ठेवला होता. मला फक्त तिचा आवाज लांबून ऐकू येत होता, "भाऊसाहेब, जरा वसरीवर बसता का? तुम्ही पन. हा, जरा." आणि त्यात भाऊंचं कण्हणं.

मग ती आली. पाहुणे येणार म्हणून तिने लघवीची पिशवी एका कापडी थैलीत घालून खुर्चीच्या मागे वर टांगली होती आणि नळी भाऊंच्या मांडीखालून फिरवली होती, कुणाला दिसू नये म्हणून. मांडीखाली नळी चेपली गेली. त्यात पिशवी वर टांगलेली, म्हणजे खाली उतरायचा रस्ताही बंद. तास-दीड तास लघवी तुंबून राहिली. नंतर खाटेवर आडवं केलं तेव्हाही नळी मांडीखाली तशीच राहिली.

"नळी सरळ केली, मॅडम. पिशवी खाली धरलीये. येतंय. लय येतंय."

"आता मशीन लावा."

"एकशे नव्वद."

पंच्याण्णवच्या माणसाला एकशे नव्वद. मी म्हटलं, "दर दोन मिनिटांनी मोजा, मला आकडा सांगा, आणि कुणाला तरी गाडी काढायला सांगा." एकशे ऐंशी. एकशे साठ. एकशे तीस. पुढे एकशे दहा झाले तेव्हा कुठे मला जाणवलं की मी एका भाजीच्या टोपलीवर बसले आहे आणि ती बाई मला पदराने वारा घालते आहे. मी तिचं नुकसान भरून द्यायला निघाले तर म्हणाली, "राहू द्या ताई, वाचला ना मानूस?"

भाऊंना त्याच दिवशी आमच्या रुग्णालयात आणलं. डॉक्टरांनी दिवसभर लक्ष ठेवलं, तपासण्या केल्या, काही बिघडलं नव्हतं. मी वॉर्डात गेले तर भाऊ पडल्या पडल्या म्हणाले, "ताई, एकशे नव्वदची बोली आली व्हती. सोडली." मला हसूच येईना.

चूक कुणाची याचा मी पुढे बराच विचार केला, आणि स्वतःचीच वकील बनूनही करून पाहिला. मी सांगितलं नव्हतं असं नाही. डिस्चार्जच्या कागदात तिसऱ्या पानावर ते इंग्रजीत छापलेलं होतं. शिवाय निघायच्या दिवशी, पोर्चमध्ये, गाडीवाला हॉर्न मारत असताना मी अलकाताईला म्हटलं होतं, "आणि हो, कधी डोकं खूप दुखलं तर बसवा, नळी बघा." मी हे एकदा म्हटलं होतं. आणि "आडवं करा" हे तिच्याकडून साडेतीन महिने, रोज, म्हणवून घेतलं होतं. संकटात माणसाला काय आठवणार? मला उतरणाऱ्या बीपीची सवय झाली होती. वॉर्डात चढणारं बीपी क्वचित, आणि ते आलं तर नर्स धावायच्या, मी नाही. म्हणून माझ्या शिकवण्यात त्याला जागाच नव्हती. सत्तावीस वर्षं मी अर्धंच शिकवत आले होते आणि बाकीच्यांच्या बाबतीत नशिबाने निभावलं होतं. निभावलंच असेल असंही मी म्हणू शकत नाही. घरी गेल्यावर ज्यांच्याबद्दल पुढे काही कळलं नाही असेही बरेच आहेत.

मी अलकाताईला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि म्हटलं, "चूक माझी आहे. मी तुम्हाला उलटं शिकवलं." मला वाटलं ती म्हणेल, नाही हो मॅडम, असं कसं. तसं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "मी फोन नसता लावला तर?"



मग तीच म्हणाली, "अन् दोन मिनटं मी बी घालवली. मंडळींना बाहेर काढण्यात. त्यांना लाज वाटंल म्हनून. त्यांना कसली लाज, ते तं मरत व्हते. लाज माझी."

मला ती लाज चांगली कळते. बाजाराचा आवाज म्हणून ज्याला सगळे ओळखत, त्याची लघवीची पिशवी त्याच मंडळींनी बघावी, हे तिला नको होतं. मी तिला नळी धुवायला शिकवली, पिशवी बदलायला शिकवली. ती चारचौघांत कशी वागवायची हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं, कारण माझ्यासाठी ती नळी होती, बास.

शेवटचं वर्ष होतं माझं. मी सगळं शिकवणं मोडलं आणि नव्याने सुरू केलं. पेशंटला काही झालं की पहिला प्रश्न त्यालाच विचारायचा, "डोकं ठणकतंय का?" नाही म्हणाला, अंधारी येतेय म्हणाला, तर आडवं. हो म्हणाला, तर बसवा, सोडा, नळी शोधा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. दोन्ही उत्तरं सारख्याच वेळा घोकून घेतली. भाऊंच्या खिशात एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड ठेवलं, मराठीत: माझं नेहमीचं बीपी पंच्याण्णव आहे, दीडशे म्हणजे माझ्यासाठी धोका. कारण गावात एखाद्या नव्या डॉक्टरने दीडशे बघितलं तर तो म्हणणार, वयाच्या मानाने ठीकच आहे. अलकाताई तपासणीला आली की मी तिला नव्या नातेवाइकांसमोर उभी करायचे. ती सांगायची, "मी काय चुकले ते ऐका." माझ्यापेक्षा तिचं लोक जास्त ऐकायचे. मी शेजारी गप्प उभी राहायचे, हेही मला नवीनच होतं.

मी निवृत्त झाल्यावर भाऊंचा फोन आला. "ताई, सोमवारी या. एकच रांग पुकारायचीय, पन पुकारायचीय."

मी गेले. ट्रॉल्यांच्या रांगा, कांद्याचा उग्र वास, ट्रॅक्टरची फटफट. भाऊ खुर्चीत, टोपी, पोटाला पट्टा, पायात मोजे, कॉलरला छोटा माइक आणि मांडीवर तीच भेट मिळालेली शाल. खुर्ची ढकलायला अलकाताई. त्या सगळ्या रांगेत ती एकटीच बाई. मला त्यांनी चहाच्या टपरीवर बसवलं होतं, बरीच लांब. पहिल्या ट्रॉलीपाशी भाऊंनी भाव पुकारायला सुरुवात केली आणि टपरीवाला मला म्हणाला, "आला, आपला आवाज आला." दुसरी ट्रॉली झाली, तिसरी झाली. मी घड्याळ बघत होते, सवयीने. पाऊण तास झाला होता.

सातव्या ट्रॉलीपाशी आवाज थांबला. बोली अर्धवट. मी मान वर करून बघितलं तर भाऊ मनगटाने कपाळ दाबत होते. मी कप ठेवला आणि निघाले. घोळक्यात चाळीस-पन्नास माणसं असतील. मी धावत होते आणि धावताना बघत होते. भाऊंच्या माइकमधून अलकाताईचं "डोकं ठणकतंय का?" आणि भाऊंचं "व्हय" ऐकू आलं.

अलकाताईने खुर्चीचा ब्रेक लावला, पाठ सरळ केली, शाल उचलली आणि खांद्यावर टाकली. सगळ्या व्यापाऱ्यांसमोर, शेतकऱ्यांसमोर, हमालांसमोर ती नवऱ्याच्या पायाशी खाली बसली. पट्टा सोडला. नळी चाकाच्या पत्र्यात अडकली होती, ती सोडवली, सरळ केली, पिशवी खाली धरून ठेवली. कुणीतरी मान फिरवली. ती त्याला म्हणाली, "बघा, भाऊसाहेब, बघून ठेवा. मी नसले तर तुम्हालाच करायचंय." तो माणूस वळला आणि खाली वाकून बघायला लागला. मग दुसरा वाकला. तिने मशीन लावलं, थांबली, परत लावलं. आकडा उतरलेला बघून पट्टा पुन्हा बांधला.

भाऊंनी घसा साफ केला आणि बोली जिथे थांबली होती तिथून पुढे उचलली.

मी धापा टाकत घोळक्याच्या कडेला पोचले, तोवर माझ्यासाठी तिथे काहीच काम उरलं नव्हतं.